'पाचव्या महिन्यात पॉलिसी काढा, डिलिव्हरी फुकट' म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

हा मेसेज बरेच दिवस ग्रुपवर फिरतोय आणि मी दुर्लक्ष करत होते, कारण इन्शुरन्सच्या नावाने रोज काही ना काही येतंच. पण काल माझ्या मामेबहिणीने तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'ताई, भरू का पैसे? एजंट म्हणतोय आज रात्रीपर्यंतच ऑफर आहे.' ती पाच महिन्यांची गरोदर आहे. तेव्हा आता लिहितेच.

ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचा सारांश: आयआरडीएआयने (इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मॅटर्निटीचा, म्हणजे बाळंतपणाच्या कव्हरचा, वेटिंग पीरियड (पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळेपर्यंत थांबायचा काळ) रद्द केलाय, त्यामुळे गरोदर असतानाही पॉलिसी घेऊन सगळा खर्च मिळतो. फॉर्ममध्ये प्रेग्नन्सीच्या रकान्यात 'नाही' लिहायचं, कोणी तपासत नाही. छोटासा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) घेतला की डिलिव्हरी, बाळ, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) सगळं कव्हर. दोन पॉलिसी घेतल्या तर दोन्हीकडून पैसे, म्हणजे वर कमाई. ऑफिसची पॉलिसी काही कामाची नसते. आणि सरकारी योजना फक्त बीपीएलवाल्यांना. वर, आता पॉलिसीवर जीएसटीही नाही. शेवटी अर्थातच एका 'सल्लागारा'चा नंबर.

आधी तो नियम. असा नियम नाहीये. झालंय ते एवढंच की आधीपासून असलेल्या आजारांसाठी, म्हणजे बीपी, शुगर वगैरे, कंपनी जास्तीत जास्त ४८ महिने थांबवू शकायची, ते १ एप्रिल २०२४ पासून ३६ महिन्यांवर आणलं, आणि मोरेटोरियम (इतकी वर्षं पॉलिसी चालू राहिली की कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही, ती मुदत) आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला. कुणीतरी 'वेटिंग पीरियड कमी' एवढाच मथळा वाचला आणि उरलेलं स्वतःच्या मनाने लिहून टाकलं. गरोदरपण हा आजार नाही, त्याचा या ३६ महिन्यांशी संबंधच नाही, मॅटर्निटी हा वेगळा बेनिफिट असतो आणि त्याचा वेटिंग पीरियड प्रत्येक पॉलिसीत वेगळा लिहिलेला असतो, स्वतः काढलेल्या पॉलिसीत साधारण नऊ महिन्यांपासून ते तीन-चार वर्षांपर्यंत. नऊ महिन्यांचा आकडा कुठून आला असेल हे सांगायची गरज नसावी.

आणि ज्या पॉलिसीत मॅटर्निटी घेतलेलीच नाही तिथे तर ती सरळ वगळलेली असते. आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये 'काय कव्हर होणार नाही' याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली, प्रत्येक कलमाला कोड दिला. त्यात १८ नंबरचं कलम मॅटर्निटीचं आहे. बाळंतपणामुळे होणारा उपचाराचा खर्च मिळणार नाही, अवघड प्रसूती आणि सिझेरियनसकट. अपवाद एक्टोपिक प्रेग्नन्सीचा (गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतो ती). गर्भपाताचा खर्चही नाही, अपघातामुळे झाला असेल तरच. हे माझं मत नाही, तुमच्या घरी जी कुठली हेल्थ पॉलिसी असेल तिची पीडीएफ उघडा आणि 'एक्सक्लुजन' शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी साधी पॉलिसी, तिच्यातही हे कलम आहे. ज्याने मेसेज लिहिला त्याने एकही पॉलिसी उघडून बघितलेली नाही, किंवा बघितलीये आणि तरी लिहिलंय, जे जास्त वाईट.

आता ज्या मुद्द्यामुळे मी लिहायला बसले तो. 'फॉर्ममध्ये नाही लिहा, कोणी तपासत नाही.'

फॉर्म भरताना तपासत नाहीत हे खरंय. तपासतात क्लेम आल्यावर. बाळंतपणाच्या क्लेमला हॉस्पिटल काय पाठवतं? डिस्चार्ज समरी, सोनोग्राफीचे रिपोर्ट, बऱ्याचदा पहिल्या तपासणीपासूनची फाईल. या प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात एलएमपी लिहिलेली असते, म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. गरोदर बाईने डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न तोच असतो, आणि मग ती तारीख प्रत्येक रिपोर्टवर छापली जाते. समजा एलएमपी २ फेब्रुवारी, तर ड्यू डेट ९ नोव्हेंबर, आणि पॉलिसी सुरू झाली १० जूनला. टीपीएच्या (कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) माणसाला यात डिटेक्टिव्हगिरी करायचीये का? १० जूनला अठरा आठवडे पूर्ण झालेले होते हे कॅलेंडर सांगतं. आणि तारखेवर भागलं नाही तर पहिली सोनोग्राफी मागतात, तिच्यात बाळाच्या मापावरून आठवडे काढलेले असतात, ते खोटं कसं करणार?

पण खरी गंमत (गंमत कसली, डोकं फिरतं) पुढे आहे. हे खोटं बोलून मिळणार काय? पॉलिसीत मॅटर्निटीला समजा दोन वर्षांचा वेटिंग पीरियड आहे. खरं सांगितलं तर डिलिव्हरीचे पैसे मिळणार नाहीत. खोटं सांगितलं तरी नाहीत, कारण डिलिव्हरी दोन वर्षांच्या आतच होणार आहे, मूल काही वेटिंग पीरियड संपेपर्यंत पोटात थांबत नाही. म्हणजे ज्या पैशांसाठी खोटं बोलायचं ते पैसे दोन्हीकडून शून्य. फरक एवढाच की खोटं बोललात तर माहिती लपवली म्हणून कंपनी अख्खी पॉलिसी रद्द करू शकते. फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी) असेल तर त्यात नवराही आहे, मोठं मूल असेल तर तेही, सगळ्यांचं कव्हर गेलं. पुढे दुसरीकडे पॉलिसी काढायला गेलात की फॉर्मवर प्रश्न असतोच, 'याआधी कोणत्या कंपनीने पॉलिसी नाकारली किंवा रद्द केली आहे का?' आता तिथे काय लिहिणार, पुन्हा 'नाही'? आणि पाच वर्षांचा मोरेटोरियम संपला की कंपनीला जुनं उकरता येत नाही असं कोणी म्हणेल, तर त्यात फसवणुकीचा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे.

सल्लागाराचं कमिशन मात्र तोपर्यंत जमा झालेलं असतं. सही कुणाची? तुमची. फॉर्मवर 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून खाली सही तुम्ही केलेली असते, त्याने नाही. त्याने सांगितलेलं सगळं तोंडी.

खरं लिहिलं तर काय होतं? बऱ्याच कंपन्या 'डिलिव्हरीनंतर या' म्हणून प्रपोजल पुढे ढकलतात, काही घेतात पण हे बाळंतपण सोडून. इन्शुरन्स म्हणजे जे होईल की नाही माहीत नाही त्याची सोय, पाचव्या महिन्यात ते माहीत असतं, त्यामुळे मला यात कंपनीवर फार राग काढता येत नाही.

ज्यांनी हा मेसेज वाचून पैसे भरलेत त्यांच्यासाठी: पॉलिसीचा कागद हातात (किंवा मेलवर) आल्यापासून ३० दिवस फ्री लुक असतो. क्लेम केलेला नसेल तर त्या मुदतीत लेखी कळवून पॉलिसी परत करता येते, झालेल्या दिवसांचा हिस्सा, मेडिकल टेस्ट आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकीचे पैसे परत मिळतात. कारण सांगायला लाजू नका, आज करा.

रायडरबद्दल. 'सगळा खर्च' हे शब्द कुठल्याच मॅटर्निटी कव्हरमध्ये नसतात, असतं ते सबलिमिट. पॉलिसी दहा लाखांची असली तरी बाळंतपणाला वेगळी मर्यादा, नॉर्मलला एक, सिझेरियनला थोडी जास्त, पन्नास हजार वगैरे. सोनोग्राफ्या, तपासण्या, औषधं यातलं काय धरतात तेही वाचावं लागतं, ओपीडीचा खर्च कित्येकदा बाहेरच असतो. आणि सिझेरियन काही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही, एनएफएचएस-५ म्हणजे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या खासगी हॉस्पिटलांमधली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनची निघाली, सरकारीत १४.३ टक्के. म्हणजे खासगीत जाणार असाल तर हिशोब सिझेरियनचाच धरून करा.

हिशोब करूनच बघा. समजा मॅटर्निटीसाठी वर्षाला १२ हजार जास्त प्रीमियम, वेटिंग तीन वर्षं, बाळंतपण चौथ्या वर्षी, मर्यादा ५० हजार. (आकडे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.) चार हप्ते, ४८ हजार भरले, ५० मिळाले. ही भिशी झाली, इन्शुरन्स नाही. आणि त्या चार वर्षांत मूल झालंच नाही किंवा नको ठरलं, तर भिशीतले पैसे निदान परत तरी येतात. म्हणून मॅटर्निटी कव्हर घेऊच नका असं मी म्हणत नाहीये, लग्न झाल्या झाल्या मोठी फ्लोटर काढणारच असाल, त्यात मॅटर्निटी आणि पहिल्या दिवसापासून बाळाचं कव्हर थोड्या जास्त पैशात मिळत असेल तर घ्या की. पण ते दोन-तीन वर्षं आधी घ्यायचं असतं.

एक गोष्ट मेसेजमध्ये खरी आहे, नाइलाजाने मान्य करते: स्वतः काढलेल्या हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. प्रीमियमवरचा कर गेला, अटी तशाच आहेत.

दोन पॉलिसींतून दुप्पट पैसे: नाही. हॉस्पिटलचं बिल भरून देणाऱ्या पॉलिसी कितीही असल्या तरी मिळून बिलापेक्षा जास्त मिळत नाही. एकीची मर्यादा संपली तर उरलेलं दुसरीकडून मागता येतं, तेवढं खरं, पण दुसरीतही मॅटर्निटी हवी ना. रोजचे ठरलेले पैसे देणारी हॉस्पिटल कॅश वेगळी मिळते, पण तिच्यातही बाळंतपण बऱ्याचदा वगळलेलं असतं.

सरकारी फक्त बीपीएलला: साफ चूक. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे आणि सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या कुठल्याही बाईला लागू आहे, पिवळं कार्ड असो नसो. नॉर्मल असो की सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, राहण्याच्या दिवसांतलं जेवण, ने-आण, सगळं मोफत, आणि आजारी बाळाचे उपचारही एक वर्षापर्यंत. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर तिथे उपचार आहेतच, शिवाय हप्ते भरल्याची अट पूर्ण असेल तर २६ आठवड्यांचा पगाराइतका भत्ता. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात, तिथे मात्र पात्रतेच्या अटी आहेत. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा.

राहिली ऑफिसची पॉलिसी, जी म्हणे कामाची नसते. उलट पाचव्या महिन्यात हाताशी असलेला हाच एक खरा रस्ता आहे. ग्रुप पॉलिसीत नऊ महिन्यांची अट बहुतेक वेळा माफ केलेली असते, पहिल्या दिवसापासून मॅटर्निटी असते, आणि तुमच्या ऑफिसला नसली तर नवऱ्याच्या ऑफिसला असू शकते. अडचण अशी की बायकोचं नाव लग्नानंतर ठरावीक दिवसांत घालावं लागतं, बऱ्याच ठिकाणी ३० दिवस, ते राहून गेलं तर पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबा. माझ्या मामेबहिणीचं सुदैवाने राहून गेलेलं नाही. नवऱ्याच्या कंपनीत ५० हजारांची मॅटर्निटी आहे, हिचं नाव लग्न झालं तेव्हाच घातलेलं आहे, आणि दोघांनाही हे माहीत नव्हतं! एजंटला मात्र पैसे द्यायला तयार.

आता तिच्या एचआरला मेल जाणार आहे आणि त्यात डिलिव्हरीपेक्षा जास्त प्रश्न बाळाबद्दल आहेत. कारण बाळंतपणाचा खर्च साधारण आधी कळतो, एनआयसीयूचा नाही. स्वतः काढलेल्या साध्या पॉलिसीत बाळाला कित्येकदा ९१व्या दिवसापासून घेतात, आणि एनआयसीयू लागतं ते पहिल्या दिवसांत. म्हणून विचारायचं ते असं: बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, ते मॅटर्निटीच्या ५० हजारांतच मोजणार की पूर्ण सम इन्शुअर्डमध्ये (पॉलिसीच्या एकूण रकमेत), नाव घालायला किती दिवसांची मुदत, आणि तोपर्यंत नाव ठेवलेलं नसेल तर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव असं चालतं का. फोनवर विचारू नका, मेलच करा, उत्तर लेखी हवं.