देवकण, चांद्रयान आणि कॅन्सर: त्या फॉरवर्डमधल्या एकेका वाक्याला उत्तर

गेल्या आठ-दहा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, एक सोसायटीचा, एक शाळेच्या बॅचचा आणि तिसरा घरचा, आणि घरच्या ग्रुपवर तो टाकला माझ्या मावसभावाने, म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला बसलेय. ज्यांना तो आला नसेल त्यांच्यासाठी सारांश असा: शास्त्रज्ञांनी हजारो कोटी खर्चून जमिनीखाली ‘देवकण’ शोधला, त्याचा सामान्य माणसाला उपयोग शून्य. चंद्रावर यान पाठवलं, तिथे नुसते दगड. त्याच पैशात प्रत्येक तालुक्यात कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं असतं. पन्नास वर्षांत कॅन्सरवर औषध निघालं नाही, किंवा निघालंय आणि कंपन्यांनी दडवलंय. आणि हे शास्त्रज्ञ आज एक सांगतात उद्या दुसरं, मग विश्वास का ठेवायचा? खाली नेहमीचं, सहमत असाल तर पुढे पाठवा.

दादा, तुझा राग मला कळतो रे. गेलं वर्षभर मावशीला घेऊन तू ज्या फेऱ्या मारल्यास त्या मी बघितल्यात. म्हणूनच तुला हे सांगायचंय की ह्या मेसेजने तुझा राग भलत्याच दारात नेऊन ठेवलाय.

‘देवकणाचा उपयोग शून्य’

आधी नावाचं सांगते. ‘देवकण’ म्हणजे हिग्ज बोसॉन नावाचा एक अतिसूक्ष्म कण, त्याचा देवाशी काही संबंध नाही, ‘देवकण’ हे नाव लिओन लेडरमन ह्या शास्त्रज्ञाच्या १९९३ च्या पुस्तकाच्या शीर्षकातनं आलं आणि पेपरवाल्यांना आवडलं, बहुतेक शास्त्रज्ञांना ते अजिबात आवडत नाही. ४ जुलै २०१२ ला युरोपातल्या सेर्न प्रयोगशाळेने तो कण सापडल्याचं जाहीर केलं. त्याचा आज थेट उपयोग काय, तर काही नाही, हे मी सरळ मान्य करते.

पण आता मावशीचा पेट स्कॅन आठव. सहा तास उपाशी ठेवलं, आधी साखर तपासली, मग इंजेक्शन देऊन तासभर एका खोलीत गप्प पडायला सांगितलं, आणि दिवसभर लहान मुलांपासून लांब राहा म्हणाले म्हणून ती नातीला जवळ घेता येईना म्हणून रडली होती. ते इंजेक्शन म्हणजे एक प्रकारची साखर, तिला फ्लोरिन-१८ नावाचा किरणोत्सारी अणू जोडलेला. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढून घेतात, त्यामुळे ती तिथे जाऊन साठते, आणि त्या अणूतनं पॉझिट्रॉन बाहेर पडतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या विद्युतभाराचा जुळा भाऊ, शुद्ध प्रतिपदार्थ, ॲन्टिमॅटर. तो शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात, ते मशीनच्या गोल कड्यातले स्फटिक टिपतात आणि त्यावरून गाठ कुठंय ते कळतं. रिपोर्टमध्ये जे चमकणारे ठिपके बघून आपण घाबरलो होतो ना, ते अक्षरशः ॲन्टिमॅटर नष्ट होतानाचे फोटो होते.

हा पॉझिट्रॉन कुठल्या हॉस्पिटलमध्ये सापडला नाही. डिरॅक ह्या शास्त्रज्ञाच्या समीकरणातनं तो आधी कागदावर निघाला, आणि १९३२ साली कार्ल अँडरसनला अवकाशातनं येणाऱ्या वैश्विक किरणांचा अभ्यास करताना दिसला. तेव्हा कोणी विचारलं असतं ह्याचा सामान्य माणसाला उपयोग काय, तर उत्तर शून्यच आलं असतं. माणसाला हे साखरेचं इंजेक्शन पहिल्यांदा दिलं १९७६ ला, म्हणजे मध्ये ४४ वर्षं गेली. हिग्जला अजून तेवढी झालेली नाहीत, आणि उद्या त्यातनं काही निघेलच असंही मी छातीठोक सांगत नाही.

आणि ते फ्लोरिन-१८ बनतं सायक्लोट्रॉनमध्ये, जे मुळात अणूचं केंद्रक फोडून बघायला बनवलेलं यंत्र. ११० मिनिटांत ते निम्मं संपतं, म्हणून ते पहाटे बनवून लगेच गाडीने पाठवावं लागतं आणि म्हणून पेशंटला वेळ पाळायला इतकं बजावतात. आपल्या देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन आला तो परळलाच, २००२ साली.

‘तोच पैसा कॅन्सर हॉस्पिटलला द्या’

हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ते महाराष्ट्रातल्या माणसाने तरी लिहायला नको होतं. परळचं टाटा मेमोरियल, जिथे देशभरातनं माणसं येतात, ते कुठल्या खात्याखाली चालतं माहितीये? आरोग्य खात्याखाली नाही, अणुऊर्जा खात्याखाली. १९४१ ला टाटांच्या ट्रस्टने ते उभं केलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे, म्हणजे होमी भाभा खात्याचे प्रमुख असतानाच. आणि हे भाभा मुळात कोण, तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटले की काय होतं त्याचं गणित मांडणारा माणूस, त्याला आजही जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’च म्हणतात. पार्टिकल फिजिक्स, म्हणजे असल्या कणांचं शास्त्र, आणि कॅन्सर हॉस्पिटल हे एकमेकांचा घास हिसकावणारे दोन भाऊ आहेत असं मेसेज म्हणतो, पण मुंबईत तरी ते साठ वर्षांपेक्षा जास्त काळ एकाच घरात जेवतायत.

बरं, तालुक्याचा हिशोब करू. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. महाराष्ट्रात ३५८ तालुके. म्हणजे फक्त आपल्याच राज्यात वाटला तरी तालुक्याला पावणेदोन कोटीसुद्धा येत नाहीत, एवढ्यात रेडिएशनचं एक नवं चांगलं मशीनही येत नाही, इमारत, डॉक्टर, नर्स तर लांबच. आणि ते रेडिएशनचं मशीन, ज्याला हॉस्पिटलमध्ये लिनॅक म्हणतात, ते म्हणजे काय? इलेक्ट्रॉनला वेग देऊन आपटवणारा ॲक्सिलरेटर! सेर्नच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यातल्या यंत्राचा लहान चुलतभाऊच. प्रत्येक तालुक्यात कॅन्सर हॉस्पिटल हवं असेल तर प्रत्येक तालुक्यात एक पार्टिकल ॲक्सिलरेटर बसवावा लागेल.

खारघरला टाटाच्याच केंद्रात आता प्रोटॉन थेरपी सुरू झालीये. नेहमीचे एक्स-रे गाठीच्या पुढच्या-मागच्या चांगल्या भागालाही भाजत आरपार जातात, प्रोटॉन मात्र ठरवलेल्या खोलीवर जाऊन आपली बहुतेक ऊर्जा तिथेच टाकतो आणि थांबतो, त्यामुळे लहान मुलांच्या मेंदूजवळच्या, मणक्याजवळच्या गाठींना त्याचा फार उपयोग. ही कल्पना १९४६ ला मांडली रॉबर्ट विल्सनने, पुढे अमेरिकेतली फर्मीलॅब ही कणांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा उभी करणारा तोच.

२०२३-२४ चं केंद्राचं आरोग्य बजेट सुमारे ८९ हजार कोटी होतं. चांद्रयानाचे ६१५ कोटी त्याच्या एक टक्काही नाहीत, आणि तेही एका वर्षात खर्च झालेले नाहीत. आरोग्यावर सरकारने जास्त खर्च करावा हे शंभर टक्के बरोबर, मी स्वतः भांडायला येईन, पण तो पैसा इस्रोच्या खिशात नाहीये.

‘चंद्रावर नुसते दगड’

चांद्रयान-१ च्या उपकरणांनी २००९ ला चंद्रावर पाण्याचा पुरावा दिला, हे एक. पण मला चंद्रापेक्षा आपल्या जमिनीचं बोलायचंय.

३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशे माणसं. मग २०२१ ला तळीये, २०२३ ला इर्शाळवाडी. आणि माळीणला बरोबर अकरा वर्षं झाली त्याच तारखेला, ३० जुलै २०२५ ला, श्रीहरिकोटाहून निसार उपग्रह उडाला, इस्रो आणि नासाचा मिळून. त्याचं रडार ढगांतनं, पावसातनं, रात्रीसुद्धा जमीन बघू शकतं आणि दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा बघून जमीन काही सेंटीमीटरने जरी सरकली तरी ते टिपू शकतं. हा उपग्रह असता तर माळीण वाचलं असतं असं मी म्हणणार नाही, कारण नुसत्या डेटाने माणसं वाचत नाहीत, तो वाचून वेळेत गाव हलवणारी यंत्रणा लागते. पण आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात डोंगर ढगांआड असताना कुठला उतार हळूहळू सरकतोय हे बघायला दुसरा डोळा कुठून आणायचा?

वादळांचंही तेच. १९९९ ला ओडिशाच्या महावादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१३ ला तिथेच फायलिन आलं, तेही भयंकर होतं, पण उपग्रहांवरून आधीच कळलं, लाखो लोकांना हलवलं आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. कोकणात निसर्ग वादळाच्या वेळी होड्या किनाऱ्याला परत बोलावल्या गेल्या त्याही अशाच इशाऱ्यांवर.

इथे एक आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगते. ह्या मेसेजला उत्तर म्हणून काही जण टेफ्लॉन नासाने शोधलं, वेल्क्रो नासाने शोधलं असं टाकतायत, ते चूक आहे. टेफ्लॉन १९३८ चं, वेल्क्रो एका स्विस माणसाचं, दोन्ही नासाच्या आधीची. खोट्याला खोट्याने उत्तर देऊ नका प्लीज.

‘पन्नास वर्षांत कॅन्सरवर काही निघालं नाही’

कॅन्सर हा एक आजार नाही, शेकडो वेगवेगळे आजार आहेत, त्यामुळे सगळ्यांवर एकच गोळी निघणं अवघड आणि ती दडवणं त्याहून अवघड, कारण कंपन्यांचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे मालक ह्यांच्याही घरात कॅन्सर होतो. आणि जी कंपनी ते औषध आणेल ती जगातली सगळ्यात श्रीमंत होईल, ती दडवेल कशाला?

निघालं काय ते बघा. लहान मुलांचा सगळ्यात कॉमन ब्लड कॅन्सर १९६० च्या आसपास म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता, आज श्रीमंत देशांत दहातली नऊ मुलं वाचतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर लस आहे, इंग्लंडमध्ये ज्या मुलींना १२-१३ व्या वर्षी ती मिळाली त्यांच्यात तो कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी दिसला, हे २०२१ ला छापून आलं. आता ह्याच कॅन्सरवरची आपली लस पुण्यात सीरम बनवते. घरात मुलगी असेल तर आजच डॉक्टरांना विचारा, हे वाचायचं राहिलं तरी चालेल.

आणि पवईचं सांगायचं राहूच नये. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून काही ब्लड कॅन्सरवर कार-टी थेरपी बनवली, नेक्सकार१९, तिला ऑक्टोबर २०२३ ला मंजुरी मिळाली. पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांच्यात असा जीन घालायचा की त्यांना कॅन्सरची पेशी ओळखू येईल, मग त्या वाढवून परत त्याच माणसात सोडायच्या. परदेशात ह्याला तीन-चार कोटी लागतात, इथे साधारण ३० ते ४० लाख. चाचण्यांमध्ये सुमारे ७३ टक्के पेशंटवर परिणाम दिसला, आणि हे असे पेशंट की ज्यांच्यावर बाकीचे उपचार थकले होते. सगळे कायमचे बरे झाले असं नाही, काहींचा आजार परत येतो, साइड इफेक्टही गंभीर असू शकतात. आणि ४० लाख म्हणजे कोणाचं तरी शेत आणि घर दोन्ही, हेही खरंच.

‘आज एक सांगतात, उद्या दुसरं’

सांगतात, बरोबर आहे. सप्टेंबर २०११ ला एका टीमने जाहीर केलं की सेर्नहून इटलीत ग्रॅन सासोला, ७३० किलोमीटरवर पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. आइन्स्टाइन चुकला अशा बातम्या आल्या. काही महिन्यांत त्याच टीमने शोधून सांगितलं की फायबर केबलचा एक जोड नीट बसलेला नव्हता. स्वतःची चूक स्वतःच शोधून जगासमोर मांडली.

एप्रिल २०२५ ला मराठी चॅनलवर सुद्धा ‘परग्रहावर जीवसृष्टी?’ चाललं होतं ना, १२४ प्रकाशवर्षं लांबचा के२-१८बी ग्रह, जेम्स वेब दुर्बिणीने तिथल्या वातावरणात एका वायूची खूण दिसली म्हणे, जो पृथ्वीवर समुद्रातले सूक्ष्मजीव बनवतात. पण त्या संशोधकांनीच खात्री तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे खात्री मोजायचं माप) सांगितली होती, आणि फिजिक्समध्ये ‘शोध लागला’ म्हणायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं दिसायची शक्यता ३५ लाखांत एक. नंतर इतरांनी तोच डेटा तपासून शंका काढल्या. हिग्ज जाहीर झाला तो पाच सिग्मा गाठल्यावर. म्युऑन नावाच्या कणाचं चुंबकत्व थिअरीशी जुळत नाही अशी २०२१ पासून केवढी चर्चा होती, फर्मीलॅबने जून २०२५ ला शेवटचं, अतिशय अचूक मोजमाप दिलं, आणि तेवढ्यात थिअरीवाल्यांनी आपलं गणित सुधारलं तर फरक जवळजवळ मिटलाच. नवीन फिजिक्स सापडलं म्हणून नोबेलची स्वप्नं बघणारी माणसं होती ती, तरी जे आलं ते छापलं.

मावशीचंही पहिल्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी औषध बदललं होतं ना? तेव्हा आपण त्यांना खोटारडे म्हणालो नाही, उलट बरं झालं वेळेत बदललं म्हणालो.

दादा, मेसेजमधलं एकच दुखणं खरं आहे, की हे सगळं सगळ्यांपर्यंत पोचत नाही. बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी पेट स्कॅन मिळत नाही, लोक गावाहून येऊन परळच्या फुटपाथवर झोपतात, लिनॅकची रांग लांब असते. ह्यावर मेसेज बनव, आमदाराला पाठव, मी सही करते आणि सगळ्या ग्रुपवर टाकते. तो देवकणवाला मात्र डिलीट कर.

आणि मावशीचा पुढचा स्कॅन सोमवारी आहे. रविवारी रात्री जेवण लवकर उरकून घ्या, नंतर फक्त पाणी, डायबेटिसच्या गोळीचं डॉक्टरांना आधी विचार, साखर वाढलेली असली तर परत पाठवतात. मी सहाला गाडी घेऊन खाली थांबते.