नुसतं "कीगल करा" म्हणून कसं चालेल?

आमच्या बडोद्यात नवरात्रात कितीतरी बायका दोन चकरा मारून खुर्चीवर येऊन बसतात, विचारलं की म्हणतात गुडघे दुखतायत. दरवेळी गुडघे नसतात हो. उडी मारली, टाळी देऊन गर्रकन वळलं की शूचे थेंब येतात, चणिया ओला व्हायची भीती. आणि धीर करून डॉक्टरकडे गेलं तर मला तरी काय ऐकायला मिळालं? "वयाप्रमाणे होतं, कीगल करत जा." नेक्स्ट पेशंट! कीगल म्हणजे शू रोखणारे खालचे, आतले स्नायू आवळायचा-सोडायचा व्यायाम, पण कुठला स्नायू, किती वेळ, काही नाही.

अहो, तो स्नायू दिसत नाही, मग नुसतं सांगून कसा जमणार? बऱ्याच जणी आत ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, अंग बाहेर येत असेल तर ते उलट वाईट. काही जणी श्वास धरून कुल्ले नि मांड्या आवळतात. वहिनीला आम्ही फिजिओकडे नेलं, त्या बाईंनी आधी विचारून, ग्लोव्ह घालून आतून तपासलं, म्हणाल्या गॅस आणि शू दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढा, श्वास चालू ठेवा, आता पूर्ण सोडा. वहिनी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या हां, हेच! आता शिंक येतेय असं वाटलं की ती आधीच आवळून घेते.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावाने हा व्यायाम चालतो त्या डॉ. अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला तेव्हा सोबत प्रेशर मोजायचं यंत्रही वापरलं होतं, बाईला स्वतःला आकडा दिसावा म्हणून. आपण यंत्र विसरलो, नाव तेवढं ठेवलं.

साधारण एका वेळी किमान ८ वेळा आवळायचं, दिवसातून ३ वेळा, आणि निदान ३ महिने, आठवड्यात फरक शोधू नका. संडासात बसून शू अडवत रोज प्रॅक्टिस करू नका. आणि काहींचे स्नायू आधीच घट्ट असतात, संबंधाच्या वेळी दुखतं, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं, आवळून त्रास वाढतो, म्हणूनही तपासणी हवी. बद्धकोष्ठ, जुना खोकला असेल तर त्याचंही बघा, नाहीतर एकीकडे व्यायाम नि एकीकडे रोज जोर.

तुमचे डॉक्टर "कीगल करा" म्हणाले, तर त्यांना सरळ विचारा, मी बरोबर करतेय का बघता का? त्यांना नसेल जमत तर फिजिओचं नाव मागा. बडोद्यात हे काम करणारी फिजिओ कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्येच लिहा, इनबॉक्समध्ये नको, बाकीच्यांनाही वाचू दे.