तो मेसेज वाचून दवाखान्यात निघाला असाल, तर नवऱ्याला सोबत घ्या

गेल्या महिन्यात माझी भाची भोरहून पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरली. एकटीच. पिशवीत आयुष्मान कार्ड, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि मोबाइलमध्ये मोफत ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा तो मेसेज. एका सरकारी रुग्णालयात दोन खिडक्या आणि आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनांची माहिती देणाऱ्याचं, टेबल एवढं फिरून ती दुपारी माझ्याकडे धायरीला आली आणि ताटावर बसेना. म्हणाली, “मावशी, ते म्हणतात असं काही नसतंच.”

मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा: ‘खुशखबर! टेस्ट ट्यूब बेबी आता सरकारतर्फे मोफत. आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंत आयव्हीएफ. महाराष्ट्रात सर्व हॉस्पिटलांत लागू. वयाची अट नाही. फक्त पत्नीने कागदपत्रे घेऊन जावे. जागा मर्यादित, नावनोंदणी ५०० रुपये. शेअर करा, कुणाच्या तरी घरी पाळणा हलेल.’ आयव्हीएफ म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, स्त्रीबीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून गर्भ तयार करण्याचा. मेसेजचं शेवटचं वाक्य वाचलं की भल्याभल्यांचा अंगठा फॉरवर्डवर जातो. आमच्या ग्रुपवर तो टाकणारे काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेत.

आधी कार्डाचं बघू. ५ लाखांचा आकडा खरा आहे. सप्टेंबर २०१८मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत एका कुटुंबाला वर्षाला तेवढं संरक्षण मिळतं. पण ही रक्कम खात्यात पडलेली नसते, की हव्या त्या उपचाराला काढावी. कोणता आजार, कोणती शस्त्रक्रिया, तिचा दर किती, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. आणि योजनेत काय बसत नाही, त्या यादीत वंध्यत्वावरचे उपचार सरळ लिहिलेले आहेत. ओपीडीतल्या तपासण्या आणि सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांच्या शेजारी. मूल नसणं आणि नाक सरळ करून घेणं एका रांगेत बसवणाऱ्यावर मला राग आहे, पण तो वेगळा विषय. स्वतः हप्ते भरून घेतलेल्या विम्याची कथाही फारशी निराळी नाही. पॉलिसीची मागची पानं उघडा, ठरीव अपवादांत १७ क्रमांकाला ‘स्टेरिलिटी अँड इनफर्टिलिटी’ सापडेल. एखादी कंपनी जास्तीचा हप्ता घेऊन ते देते, तेव्हा तसं पॉलिसीत लिहिलेलं असतं. नसेल, तर एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

‘महाराष्ट्रात सर्व हॉस्पिटलांत’ हे आलं कुठून, याचा मला अंदाज आहे. आपली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आधी दीड लाखाची होती. ती ५ लाखांवर न्यायची आणि पिवळं, केशरी, पांढरं असा रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना द्यायची, असा निर्णय २०२३ साली झाला आणि २०२४मध्ये अमलात आला. ‘सगळ्यांना’ हा शब्द लोकांनी ऐकला. ‘यादीतल्या उपचारांसाठी’ आणि ‘योजनेत असलेल्या रुग्णालयांत’ हे दोन तुकडे वाटेत गळाले. त्याच सुमारास बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू झाल्याची बातमी आली, २०२३ची. पाठोपाठ २०२४मध्ये मुंबईच्या कामा रुग्णालयात सरकारी आयव्हीएफ केंद्र उघडलं. या दोन्ही बातम्या खऱ्या. पण एका रुग्णालयात केंद्र निघणं म्हणजे राज्यभर कुठल्याही हॉस्पिटलात कार्ड दाखवून उपचार मिळणं नव्हे. मेसेजवाल्याने तीन खऱ्या गोष्टी एकाच पातेल्यात ढवळल्या.

मनाला लागते ती गोष्ट दुसरीच. वैज्ञानिक नोंदींसह जन्मलेलं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएममध्ये झालं, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेतल्या मंडळींच्या हातून. केईएम म्हणजे महापालिकेचं रुग्णालय. ज्या राज्यात हे तंत्र पालिकेच्या दवाखान्यात रुजलं, तिथे आज पुण्यातलं जोडपं एका सायकलसाठी, म्हणजे आयव्हीएफच्या एका पूर्ण प्रयत्नासाठी, खासगीत दीड-दोन लाख मोजतं. तेव्हा मेसेज खोटा असला तरी त्यामागची मागणी खोटी नाही, हेही त्या काकांना मी कळवलं.

सरकारी पैशातून आयव्हीएफ मिळणारा एक वर्ग पुण्यात नक्की आहे, आणि गंमत म्हणजे मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही: केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक, म्हणजे सीजीएचएसचं, केंद्राच्या त्यांच्यासाठीच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असलेले. २०११च्या आदेशाप्रमाणे त्यांना एका सायकलमागे औषधांसह ६५ हजारांपर्यंत, आणि जास्तीत जास्त तीन सायकलींचा खर्च परत मिळू शकतो. अटी आहेत. पत्नीचं वय २१ ते ३९, आधीचे साधे उपचार करून झालेले, सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला, आणि मुख्य म्हणजे आधी परवानगी. खर्च करून मग बिल घेऊन गेलात, तर हात हलवत परत याल. हवामान खात्यापासून खडकीच्या कारखान्यांपर्यंत कुणाच्या घरात असं कार्ड असेल, तर आपल्या वेलनेस सेंटरला, म्हणजे सीजीएचएसच्या दवाखान्यात, आजचे नियम आणि दर विचारून घ्या.

वयाची अट नाही म्हणे. २०२१च्या एआरटी कायद्याने, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या कायद्याने, स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी मर्यादा घातली आहे, सरकारी असो की खासगी. आणि कायद्याच्या कितीतरी आधी शरीर आपली अट घालतं. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने उतरतात. म्हणून वर्षभर प्रयत्न करून डॉक्टर गाठा हा नियम पस्तिशीच्या आतल्यांसाठी. पुढच्यांनी सहा महिन्यांतच जायचं. ‘योजना लागू होईल तेव्हा बघू’ म्हणून दोन वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या दोन वर्षांची भरपाई कुठलंच कार्ड करत नाही.

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. ‘फक्त पत्नीने कागदपत्रे घेऊन जावे.’

का बरं? मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण असतं. वीर्यतपासणी ही या साऱ्या प्रवासातली सर्वांत स्वस्त, बिनदुखीची आणि पहिली करायची गोष्ट. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि नमुना द्यायचा, एवढंच. त्याउलट बायकोच्या गर्भनलिकांचा एक्स-रे, ज्याला एचएसजी म्हणतात, तो दुखतो, आणि दर महिन्याला पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतरच्या मोजक्या दिवसांतच निघतो. तारीख चुकली की पुढचा महिना. माझ्या भाचीची एचएसजी दोनदा झाली होती, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, सगळ्याची फाइल दोन बोटं जाड. जावयांची एकही तपासणी नाही. लग्नाला सहा वर्षं झाली. विचारलं तर म्हणाली, “त्यांना काही त्रास नाहीये ना.”

सरकारी व्यवस्थेत आयव्हीएफ मिळवणं अवघड आहे, पण त्याच्या अलीकडचं बरंच काही मिळतं. केसपेपर काढून दोघांच्या मूळ तपासण्या नाममात्र खर्चात होतात. थायरॉइड बिघडलेलं असेल तर गोळी स्वस्त आहे. गर्भाशयातली गाठ किंवा बीजांडकोशाचा सिस्ट काढायचा असेल, तर ती शस्त्रक्रिया ‘वंध्यत्व’ म्हणून नव्हे, त्या आजाराची म्हणून योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला विचारता येतं; प्रश्न असा विचारला की उत्तरही बदलतं. आणि क्षयरोग. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे गर्भनलिका-गर्भाशयाचा टीबी पुष्कळदा असतो, खोकला नाही, ताप नाही, फक्त दिवस राहत नाहीत. त्याची औषधं पूर्ण मोफत आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. हे कुठल्याही खुशखबरीत लिहिलेलं नसतं.

५०० रुपयांच्या नावनोंदणीवर जास्त शब्द घालवत नाही. या योजनांत नोंदणीचे पैसे घेत नाहीत. लिंकवर आधार टाकू नका, ओटीपी सांगू नका. शंका असेल तर १५५३८८ हा फुले योजनेचा क्रमांक फुकट लागतो. मेसेजच्या एका आवृत्तीत तळाला ‘हवा तो वारस’ असंही होतं. आयव्हीएफमध्ये मुलगा की मुलगी हे निवडून देण्याची नुसती जाहिरात केली, तरी एआरटी कायद्यात पाच ते दहा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. ती आवृत्ती ज्यांनी पुढे पाठवली, त्यांनी निदान ती काढून टाकावी.

जावयांना मी त्याच रात्री फोन केला. म्हटलं, “जावईबापू, पुढच्या सोमवारी दोघांनी मिळून या, मुक्काम इथेच करा, सकाळी ओपीडीला मीही येते.” पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग म्हणाले, “मावशी, पंधरा दिवस भाताची लावणी आहे.” मी म्हटलं, लावणी उरकून या. लावणी उरकली. आले. नमुना द्यायच्या खोलीकडे जाताना माझ्या हातात गाडीची किल्ली देऊन गेले आणि परत आल्यावर ती मागायची विसरले. रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या कमी आली आहे. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगून तीन महिन्यांनी पुन्हा नमुना मागितला आहे. भाचीची तिसरी एचएसजी तूर्त रद्द.