शेतकऱ्याला सगळं फुकट? आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा

‘शेतकऱ्याला वर्षाला बारा हजार घरबसल्या, खत फुकट, वीज फुकट, कर्ज माफ, वर कर शून्य. आणि हे सगळं आमच्या खिशातून.’ हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरतो आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढे ढकलतात. मला त्याचा राग येतो, कारण अनुदान राबणाऱ्याला बघून मिळत नाही. ते जमीन, पाणी आणि खताच्या गोण्या जिथे जास्त, तिकडे वळतं. एकेक मुद्दा घेऊ.

बारा हजार. पीएम किसानचे 6000 आणि 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6000. हे पूर्ण कुटुंबाला, म्हणजे दिवसाला 33 रुपये. तेही सातबाऱ्यावर नाव असेल तरच. मराठवाड्यात, विदर्भात कितीतरी बाया दोन-तीन एकर रान मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्याने घेऊन, करतात. मक्त्याचे पैसे आधी मोजायचे, मग बियाणं, फवारणी, खुरपणी सगळं अंगावर. सोयाबीन पाण्याखाली गेलं की तलाठी पंचनाम्याला येतो, वाफ्यात उभी राहून ती नुकसान दाखवते, आणि मदत जमा होते सातबाऱ्यावरच्या मालकाच्या बँक खात्यात. मक्ता तोंडी ठरलेला, कागद नाही, म्हणून पीककर्जही नाही. नवरा गेला आणि वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव चढवणारा फेरफार रखडला, तर स्वतःच्या घरच्या जमिनीवरही तिची हीच गत. या बाईला ‘फुकट खाणारी’ म्हणताना जीभ कशी रेटते?

खत. 45 किलो युरियाच्या गोणीला 266 रुपये 50 पैसे मोजावे लागतात. दुकानात मशीनवर अंगठा शेतकऱ्याचा लागतो, अनुदान मात्र खत कंपनीच्या खात्यात जातं. त्यामुळे भाव आवाक्यात राहतो, हे खरं आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण हिशोब गोणीवर आहे. ऊस-केळीच्या बागायतदाराच्या रानात गोण्यांची थप्पी पडते, तूर-हरभरा घेणाऱ्या कोरडवाहूवाल्याला युरिया लागतोच किती? शिवाय टंचाईत युरिया हवा तर सोबत ही बाटली घ्या, असं लिंकिंग गळ्यात मारलं जातं. त्या बाटलीला अनुदान नसतं.

वीज. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ आहे. चांगलं आहे. पण महाराष्ट्रातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे. ज्याच्या विहिरीला पाणीच नाही, त्याला माफी कशाची?

कर्जमाफी 2008, 2017 आणि 2019 अशी झाली, आणि दर वेळी ती बँकेच्या थकबाकीची होती. सावकाराकडून उचललेले पैसे या तिन्ही योजनांच्या बाहेरच राहिले. 2008 ला पूर्ण माफीसाठी पाच एकरांची अट होती. सहा-सात एकर कोरडवाहू कापूस पेरणारा विदर्भातला शेतकरी तिथेच अडकला, बागायती पाच एकरवाला मात्र अटीत बसला.

कर. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे मान्य. पण 2018-19 च्या सरकारी पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं, आणि त्यातही पिकांपेक्षा मजुरीचा वाटा मोठा. सूट काढली तरी या घराला आयकर लागणार नाही. सूट उपयोगी पडते ती मोठ्या बागायतदाराला, आणि दुसरीकडची कमाई शेतीची म्हणून दाखवणाऱ्याला. बोला ना त्यांच्याबद्दल! कीटकनाशकावरचा 18 टक्के जीएसटी लहान शेतकरीही भरतो, आणि व्यापाऱ्याला मिळते तशी त्याची वजावट त्याला मिळत नाही.

राहिलं ‘आमच्या खिशातून’. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मे 2024 मध्ये उठली. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून नाशिक-नगरच्या शेतकऱ्याने ते महिने पडत्या भावात काढले. ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, आर्थिक संघटनेचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की अशा बंधनांमुळे भारतातल्या शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार शून्याच्या खाली जातो, म्हणजे अनुदानं धरूनही त्याच्याकडून जास्त काढून घेतलं जातं. मेसेजमध्ये खिसे मोजायचेच असतील, तर हाही मोजा.