आरव्ही घेताना "फक्त हप्त्यावर बोला"? अजिबात नको!

दादाने काल फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, "अमेरिकेत नवीन आरव्ही स्वस्तात घ्यायच्या चार ट्रिक्स", आणि खाली लिहिलं की शनिवारी असंच करणार. आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर. हाच मेसेज आणखी दोन ग्रुपवर फिरतोय म्हणून इथे लिहितोय.

ट्रिक एक म्हणे, "किमतीवर घासाघीस नको, हप्ता किती बसतो ते बोला." अरे, डीलरला नेमकं हेच हवं असतं! आम्ही ट्रेलर बघायला गेलो तेव्हा सेल्समनने कोऱ्या कागदावर चार चौकोन आखले, किमतीचा रिकामाच ठेवला आणि हप्त्याच्या चौकोनावर पेन टेकवून विचारलं, महिन्याला किती जमेल? आपण आकडा सांगितला की तो मुदत ताणून तिथे आणून बसवतो, आरव्हीचं लोन 20 वर्षांचंही मिळतं ना. हिशोब करा, 80,000 डॉलर, 8 टक्के व्याज. 10 वर्षांना हप्ता साधारण 971, 20 वर्षांना 669. वाटतं महिन्याला 300 वाचले, पण व्याज 36,500 च्या जागी 80,600 जातं, मुद्दलापेक्षा जास्त! आणि गाडी एका डॉलरनेही स्वस्त झालेली नसते.

दुसरी तर धादांत खोटी, "तीन दिवसांत परत करता येते, सरकारी नियम आहे." तो एफटीसीचा, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, कूलिंग-ऑफ रूल. घरी येऊन किंवा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी आहे तो, डीलरच्या कायमच्या शोरूमला लागू नाही. आरव्ही शोमध्ये घेतली तरी डीलरचं कायमचं दुकान कुठेतरी असेल तर गाड्यांना त्यातून सूट आहे, एफटीसीच्या साइटवर स्पष्ट लिहिलंय. सही केली की गाडी तुमची.

"कॅश आहे हे आधीच सांगा", हेही उलटंच. लोन लावून दिलं की डीलरला बँकेकडून बऱ्याचदा कमिशन मिळतं, ते जाणार हे कळल्यावर तो किमतीत कशाला सोडेल? आधी टॅक्स, फ्रेट (गाडी आणायचा खर्च), प्रेप (ती तयार करायचा), डॉक फी (कागदपत्रांची) सगळं धरून आउट-द-डोअर, म्हणजे शेवटची एकूण किंमत लेखी घ्या, पैसे कसे देणार ते नंतर.

"महिनाअखेरीला जा" यात थोडं तथ्य आहे, टार्गेट असतात, मान्य. पण त्याहून जास्त फरक पडतो डीलरच्या आवारात उभ्या असलेल्या मागच्या वर्षीच्या मॉडेलने, कारण तो माल बऱ्याचदा कर्जावर घेतलेला असतो आणि डीलर स्वतः त्यावर व्याज भरत असतो.

दादा, शनिवारी सही करायच्या आधी ती लेखी किंमत मला पाठव, मी फोनजवळच आहे.