मगर खोटं रडत नाही

कुणी कॅमेऱ्यासमोर रडलं की खाली कमेंट तयारच असते, ‘क्रोकोडाइल टिअर्स!’ जरा जड मराठी लिहिणारे ‘नक्राश्रू’ म्हणतात. अर्थ सगळ्यांच्या लेखी एकच: रडणं खोटं, आत काही नाही. मला हा वापर आळशी वाटतो. समोरच्याच्या पोटात काय आहे ते मोबाइलच्या पडद्यावरून कुणाला कळलंय?

जॉन मँडव्हिलच्या नावावर असलेलं चौदाव्या शतकातलं एक प्रवासवर्णन आहे. त्यात मगरींविषयी म्हटलंय, हे प्राणी माणसांना मारतात आणि रडत रडत खातात. दुःख खरं की खोटं, याची चौकशीच नाही तिथे. खाता खाता रडतात, एवढंच.

आणि हे अगदीच थोतांडही नाही. केंट व्ह्लिएट हे प्राणिशास्त्रज्ञ आणि माल्कम शेनर हे मेंदूविकारतज्ज्ञ. या दोघांनी फ्लोरिडात चार केमन आणि तीन अ‍ॅलिगेटर, म्हणजे मगरीचे भाऊबंद, जमिनीवर खाताना चित्रित केले. सातांपैकी पाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा २००७ सालचा लेख आहे. खाताना हे प्राणी जोरजोरात फुत्कारतात, त्या हवेने पाणी डोळ्यांत ढकललं जात असावं, असा त्यांचा अंदाज. ढोंग नाही नि पश्चात्तापही नाही. (माणसातही असं होतं. चेहऱ्याच्या नसेला इजा झाल्यावर लाळ सोडायला लावणारे मज्जातंतू पुन्हा वाढताना चुकून अश्रुग्रंथीला जाऊन मिळाले, तर जेवताना डोळे गळतात. डॉक्टर त्याला ‘क्रोकोडाइल टिअर्स सिंड्रोम’च म्हणतात. त्या रुग्णाने कुणाचं काय घोडं मारलंय?)

म्हणून अश्रू तपासत बसू नका, जबडा बघा. शेकडो लोकांना एका ईमेलवर घरी बसवणारा मालक व्हिडिओत हुंदके देतो, ते हुंदके अगदी मनापासूनचे असतील. रात्री त्याला झोपही लागली नसेल. तरी ते मगरीचे अश्रू, कारण स्वतःचा बोनस त्याने सोडलेला नाही. घास तोंडात आहे.

उलट, फारशी ओळख नसलेल्या माणसाच्या सांत्वनाला जाऊन चेहरा पाडून बसणारी बाई घ्या. तिला आतून काही वाटत नसेल, डोळ्यांना पदर लावणंही रीत म्हणून असेल. भावना उसनीच. पण ती कुणाला खात नाहीये; घरातल्यांना त्या बसण्याचा आधारही वाटतो. तिला नक्राश्रूवाल्यांच्या रांगेत उभं करणं मला तरी पटत नाही.

आणि ते ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ छापाचं निवेदन? त्यालाही लोक हाच शब्द लावतात. पण त्यात पाणीच कुठे असतं? नुसता जबडा असतो.