‘टाइप-सी पोर्ट आहे, मग चार मॉनिटर लागतातच’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

शेअर बाजारात नव्याने उतरणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो आणि तो एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर पुढे जात राहतो. त्याचा आशय असा: लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असले की एखादा स्वस्त हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) आणावा आणि त्याला तीन-चार मॉनिटर जोडावेत, हब नसेल तर एचडीएमआय स्प्लिटरवर भागते, तेही जमले नाही तर गेमिंग लॅपटॉप घ्यावा, लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी काम थांबत नाही, आणि एवढे स्क्रीन समोर असल्याशिवाय ट्रेडिंग गांभीर्याने करता येत नाही. यातले जवळपास प्रत्येक विधान एकतर चुकीचे आहे किंवा अर्धवट आहे. त्यापायी वाया जाणारा पैसा बहुतेकांच्या बाबतीत ट्रेडिंगच्या भांडवलातूनच जातो, म्हणून हा सल्ला नुसता सोडून देण्यासारखा नाही.

टाइप-सी पोर्टपासूनच सुरुवात करू. टाइप-सी हा केवळ पोर्टचा आकार आहे. त्या आकाराच्या आत काय जोडायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. काही पोर्टमधून फक्त डेटा जातो, काहींतून डेटा आणि चार्जिंग दोन्ही होते, आणि ज्यांत ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ दिलेला असतो त्यांतूनच चित्राचा सिग्नल बाहेर पडतो. हा मोड देणे कंपनीवर बंधनकारक नाही आणि कमी किमतीच्या लॅपटॉपांत तो अनेकदा वगळलेला असतो. अशा पोर्टला साधा हब लावला की पेनड्राइव्ह चालतो, माउस चालतो, हबवरचा दिवाही लागतो, पण मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवून झोपी जातो, आणि माणूस हब खराब निघाला असे समजून दुसरा हब आणायला जातो. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे ‘डी’सारखे चिन्ह किंवा थंडरबोल्टचे बाणाचे टोक असलेल्या विजेचे चिन्ह असेल तर प्रश्न मिटला. ते नसेल तर आपल्या लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलचे तपशील कंपनीच्या संकेतस्थळावर वाचून मगच पैसे खर्च करावेत. केबलचीही हीच गोष्ट आहे. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या टाइप-सी केबलमध्ये बहुधा चार्जिंगच्या आणि यूएसबी 2.0 च्या तारांपलीकडे काही नसते, त्यामुळे पोर्ट उत्तम असूनही तिच्यातून चित्र जात नाही.

आता ‘तीन-चार मॉनिटर’ या आकड्याकडे वळू, कारण खरी फसगत इथे होते. एकाच वेळी किती स्क्रीन चालवायचे हे हब ठरवत नाही, लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप ठरवते, आणि त्या मोजणीत लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीनही धरलेला असतो. इंटेलच्या प्रोसेसरांच्या 2020 मध्ये आलेल्या अकराव्या पिढीपासून लॅपटॉपच्या अंतर्गत ग्राफिक्सवर साधारणपणे चार स्क्रीन चालतात. त्याआधीच्या पिढ्यांत ही मर्यादा तीनची होती. म्हणजे आठव्या किंवा दहाव्या पिढीचा जुना लॅपटॉप स्वस्तात घेतला असेल, तर झाकण उघडे ठेवून बाहेर दोनच मॉनिटर चालतील, हबवर भोके कितीही असोत. ॲपलचा हिशेब आणखी कडक आहे. एम1 आणि एम2 चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. 2024 च्या एम3 एअरला दोन जोडता येतात, पण दुसरा चालण्यासाठी झाकण बंद ठेवावे लागते. झाकण उघडे ठेवून दोन मॉनिटर चालवण्याची सोय 2025 च्या एम4 एअरमध्ये आली.

शिवाय एका पोर्टमधून निघालेला सिग्नल दोन-तीन मॉनिटरांत वाटण्यासाठी स्वस्त हब जी पद्धत वापरतात तिला एमएसटी म्हणतात. ती विंडोजवर चालते. मॅकवर ती वेगवेगळी चित्रे दाखवण्यासाठी चालत नाही. अशा हबला लावलेल्या दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र उमटते. ‘माझ्या मित्राकडे हाच हब चालतो’ हे वाक्य त्यामुळे खरे असूनही निरुपयोगी ठरते, कारण मित्राकडे विंडोज असते आणि आपल्याकडे मॅक.

विंडोजवरही सिग्नलची क्षमता मोजूनच वापरावी लागते. फुल एचडीचा एक मॉनिटर 60 हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलत) चालवायला सेकंदाला सुमारे 3.3 गिगाबिट लागतात, तर 4के मॉनिटरला त्याच वेगावर साडेबारा गिगाबिटांच्या आसपास. डिस्प्लेपोर्ट 1.2 च्या चारही मार्गिका (सिग्नल वाहणाऱ्या तारांच्या जोड्या) चित्रासाठी मिळाल्या तर 17.28 गिगाबिट हाती येतात. पण अनेक हब त्यातल्या दोन मार्गिका यूएसबी 3 च्या डेटासाठी घेतात आणि चित्रासाठी 8.64 एवढेच उरतात. त्यात फुल एचडीचे दोन मॉनिटर आरामात बसतात, तिसरा बसत नाही, आणि 4के मॉनिटर 30 हर्ट्झवर उतरतो. 30 हर्ट्झवर मॉनिटर चालू दिसतो खरा, पण माउसचा बाण तुटक सरकतो, आणि ऑर्डर विंडोमध्ये संख्या बदलून बटण दाबायच्या घाईत तो तुटकपणा चांगलाच नडतो. लॅपटॉप जरा नवा असेल आणि डिस्प्लेपोर्ट 1.4 देत असेल तर हीच क्षमता दीडपट होते, मात्र त्यासाठी हबही त्याच दर्जाचा हवा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडले की प्रत्येक मॉनिटर किती हर्ट्झवर चालला आहे ते लगेच दिसते. नवा हब आणल्यावर पहिल्याच दिवशी, तो परत करण्याची मुदत असतानाच, एवढे तपासून घ्यावे.

स्प्लिटरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. एचडीएमआय स्प्लिटर एकाच चित्राच्या प्रती काढतो; दुकानातल्या किंवा सभागृहातल्या अनेक टीव्हींवर तेच दृश्य दाखवण्यासाठी तो बनवलेला असतो. एका मॉनिटरवर निफ्टी आणि दुसऱ्यावर बँक निफ्टी हे त्याच्याकडून होणारच नाही.

या सल्ल्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. डिस्प्लेलिंक तंत्रावर चालणारे डॉक (हबसारखे उपकरण) वापरले तर ऑल्ट मोड नसलेल्या लॅपटॉपलाही, आणि एम1 मॅकबुकलाही, एकाहून जास्त मॉनिटर जोडता येतात. पण ते हजार-दीड हजाराच्या हबमध्ये मिळत नाही आणि त्याची कार्यपद्धतीही वेगळी आहे. त्यात लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतः चित्राची माहिती लहान करून साध्या यूएसबी डेटाच्या रूपाने पाठवतो आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. त्यासाठी ड्रायव्हर बसवावा लागतो, मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, आणि कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर असे सॉफ्टवेअर बसवण्याची मुभा बहुधा नसते. स्थिर तक्त्यांसाठी हा मार्ग चांगला आहे. सकाळी सव्वानऊला बाजार उघडताना डझनभर चार्ट एकदम हलू लागले की प्रोसेसरवरचा भार वाढतो, हे धरूनच तो निवडावा.

गेमिंग लॅपटॉपचा आग्रह तर मला सर्वांत खर्चिक चूक वाटते. कँडलचे चार्ट आणि भावांचे तक्ते ही सपाट, साधी चित्रे असतात. ती काढण्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज पडत नाही, आणि 144 हर्ट्झच्या पडद्यावर भाव लवकर पोहोचत नाही. ब्राउझरमध्ये आठ-दहा चार्ट उघडल्यावर लॅपटॉप अडखळतो तो बहुतेक वेळा रॅम कमी पडल्यामुळे. टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा रकाना पाहावा. 8 जीबीपैकी जवळपास सगळी भरलेली दिसली आणि लॅपटॉपमध्ये रॅम वाढवण्याची सोय असली, तर ती 16 जीबी करण्याने जो फरक पडेल तो ग्राफिक्स कार्डाने पडणार नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट अनेकदा वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेले असते आणि त्यामुळे जास्त मॉनिटर जोडता येतात, हे खरे आहे. पण एका जादा स्क्रीनसाठी तेवढी किंमत मोजण्याचे कारण दिसत नाही.

आणि स्क्रीन वाढल्याने ट्रेडिंग सुधारते, या गृहीतकाचे काय? शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. व्यवहारांचा खर्च, पोझिशनचा (घेतलेल्या सौद्याचा) आकार आणि तोटा कुठे थांबवायचा याचा निर्णय या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या मॉनिटरवर उमटत नाहीत. दुसऱ्या स्क्रीनचा उपयोग मी नाकारत नाही: चार्ट एकीकडे आणि ऑर्डर बुक दुसरीकडे राहिल्याने खिडक्यांची उलथापालथ थांबते आणि चुकीच्या खिडकीत ऑर्डर पडण्याचा धोका कमी होतो. त्यापुढे जागा हवीच असेल तर 4के मॉनिटरवर फुल एचडीच्या चार मॉनिटरांएवढे पिक्सेल बसतात. 43 इंचांचा असा एक पडदा साडेएकवीस इंचांच्या चार मॉनिटरांची जागा घेतो, आणि त्याला केबलही एकच लागते. फक्त लॅपटॉपचे एचडीएमआय 2.0 किंवा त्यापुढचे आहे ना, एवढे पाहावे, कारण 1.4 वर तोही 30 हर्ट्झवरच चालेल.

राहिला विजेचा मुद्दा. लॅपटॉपला बॅटरी असते, मॉनिटरला आणि राउटरला नसते. वीज गेली की बाहेरचे सगळे स्क्रीन एकदम बंद होतात, त्यांवरच्या खिडक्या लॅपटॉपच्या चौदा-पंधरा इंचांत एकमेकींवर येऊन पडतात आणि इंटरनेटही तुटते. उन्हाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत आपल्याकडे हे वारंवार घडते, म्हणून तिसऱ्या मॉनिटरच्या आधी राउटर आणि एक मॉनिटर सांभाळेल असा यूपीएस घ्यावा. 24 इंचांचा एलईडी मॉनिटर साधारण वीस-पंचवीस वॅट घेतो, त्यामुळे यूपीएस फार मोठा लागत नाही. ब्रोकरचे ॲप मोबाइलवर लॉगिन करून ठेवावे, आणि स्टॉप-लॉस (तोटा ज्या भावाला थांबवायचा तो) मनात न ठेवता ऑर्डर म्हणून आधीच टाकावा, कारण एक्सचेंजकडे नोंदलेली ऑर्डर आपला लॅपटॉप बंद पडला तरी तिथे कायम राहते.